मातीला हात न लावता

मिस्टर बर्नार्ड थर्केटल यांनी समितीच्या सभेत तोंड उघडलं, ते चार वर्षांत पहिल्यांदाच, आणि पुढचा सगळा घोटाळा तेवढ्यानेच झाला.

हॅडलिंग गावच्या चर्चच्या आवाराची देखभाल करणाऱ्या या समितीचे ते चिटणीस होते. म्हणजे बोलायचं इतरांनी आणि लिहून घ्यायचं त्यांनी, अशी उत्तम सोय होती. जिल्हा ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ही वाटणी मानवते. पण त्या सप्टेंबरात इतिवृत्त लिहिता लिहिता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सशांचं काहीतरी करायला हवं." सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. कोपऱ्यातलं कपाट बोललं असतं तरी लोक इतके दचकले नसते.

सशांचं काहीतरी करायला हवं, हे तसं गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. चर्चमागच्या उतारावर, कबरींच्या अधूनमधून, सशांनी मोठी वसाहत केली होती. खाली जमीन पोखरलेली, त्यामुळे वरच्या शिळा एकेक करून कलत चाललेल्या. दुरून पाहिलं तर सगळं कबरस्तान कुणाच्या तरी लग्नात पिऊन परत येतंय असं वाटे. थर्केटल यांचं दुखणं मात्र एकाच शिळेचं होतं. त्यांची बायको ॲग्नेस सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या उशाची शिळा हिवाळ्यापासून डावीकडे झुकत होती. रोज सकाळी ते खिशातली फूटपट्टी आणि ओळंबा घेऊन जात, मोजत आणि वहीत लिहून ठेवत. सप्टेंबरात आकडा दोन बोटांच्या वर गेला होता.

तीन बोटं झाली की संपलं. कारण चौदा ऑक्टोबरला सुरक्षिततेचा तपासनीस येणार होता, आणि तीन बोटांच्या पुढे कललेली शिळा कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून आडवी करून ठेवायची, असा वरून हुकूम होता. शिळा आपणच सरळ करावी म्हटलं तर धर्मप्रांताच्या कार्यालयाची परवानगी लागे, आणि तिला आठ महिने. ॲग्नेसने हयातीत दुपारचंसुद्धा कधी अंग टाकलं नव्हतं. ती कायमची आडवी आहे हे थर्केटल यांनी कसंबसं मान्य केलं होतं. निदान तिचं नाव तरी उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण हे सभेत कसं बोलणार? म्हणून ते म्हणाले, "एकंदर परिस्थिती पाहता."

एकंदर परिस्थिती पाहता समितीने ते काम त्यांच्याच गळ्यात घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

गावात सल्ल्याला तोटा नव्हता. कुणी म्हणालं, सर्कशीतून सिंहाची विष्ठा मागवा. चर्चचे पाद्री, रेव्हरंड हॅझल्टन, म्हणाले, बिळांपाशी रेडिओ लावून ठेवा. तोही लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या वेळेला दोन ससे रेडिओला टेकून बसलेले आढळले. चर्चमध्ये फुलांची सजावट करणाऱ्या मिस रड यांचा उपाय सर्वांत खात्रीचा होता. "माणसाचे केस. न्हाव्याकडून पोतंभर आणायचे आणि बिळांच्या तोंडाशी पसरायचे. माणसाच्या वासाजवळ ससा फिरकत नाही." थर्केटल यांनी न्हाव्याकडून पोतं आणून केस पसरले. वारा सुटला. दुपारी वडिलांच्या कबरीला फुलं वाहायला आलेल्या एका बाईंना मातीतून पांढऱ्या केसांचा झुबका वर आलेला दिसला. त्या जागीच बसल्या. त्यांना घरी पोचवून थर्केटल परत आले, तेव्हा केसांच्या मऊ गादीवर सशांची पिल्लं खेळत होती.

शेवटी राहिल्या मिसेस गॉट्स.

गावाच्या टोकाला राहणाऱ्या या बाईंचं वय बहात्तर, आवाज फौजदाराचा आणि गुडघे कुरकुरणारे. त्या फेरेट पाळत. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुडका, पिवळट पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणी. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, याला आत सोडायचं, की ससे घाबरून बाहेर धाव घेतात आणि जाळ्यात सापडतात. त्या भागात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मिसेस गॉट्सकडे पूर्वी सात फेरेट होते. आता वाकवत नाही म्हणून एकच मादी उरली होती. तिचं नाव डचेस.

"ऑक्टोबरात?" मिसेस गॉट्स म्हणाल्या. "वेड लागलंय का तुम्हाला? गवत कंबरेएवढं उभं आहे, भोकं दिसायची नाहीत. उशिराची पिल्लं अजून बिळात असतात. फेरेटला आत फुकटचं जेवण मिळालं की ती खाते आणि तिथंच ताणून देते. दोनतीनदा कडक दंव पडू दे, झाडोरा मरू दे. नाताळानंतर या."

"चौदा तारखेला तपासनीस येणार आहे," थर्केटल म्हणाले.

"मग येऊ दे की. मी कुठं त्याच्यासाठी केक करणार आहे?"

थर्केटल उठले, टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती. मिसेस गॉट्स त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत आवारात आल्या, उतारावरून एक चक्कर मारली आणि ॲग्नेसच्या शिळेपाशी जरा थांबल्या.

"कागद घेऊन या पाद्र्याकडून," त्या जाताना म्हणाल्या. "दंड झाला तर तुम्हाला होईल, मला नाही."

कागद पाद्र्यांकडून मिळत नव्हता, कार्यालयाकडून मिळत होता. थर्केटल यांनी तीन प्रतींत अर्ज भरला. 'वापरावयाची यंत्रसामग्री' या रकान्यात त्यांनी 'फेरेट, एक, मादी' असं लिहिलं. आठवड्याने उलट टपाली विचारणा आली: सदर यंत्राचे वजन किती, व त्यास चाके आहेत काय. थर्केटल यांनी आयुष्यात कुठल्याही सरकारी विचारणेला खोटं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी कळवलं, 'वजन दीड पौंड. चाके नाहीत. चार पाय आहेत.' परवानगी आली. सात ऑक्टोबरपर्यंत ससे धरण्यास हरकत नाही. मात्र पवित्र भूमीतील माती कोणत्याही प्रकारे हलवता, उकरता अथवा भोसकता कामा नये. 'भोसकता' या शब्दाखाली रेघ होती.

पाच तारखेला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सुगीची प्रार्थना, म्हणून गावकऱ्यांनी शेतातलं नि परसातलं आणून चर्चच्या पडवीत ठेवलेलं. गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदं, कांद्यांच्या माळा आणि मिस रड यांचे सहा भोपळे, हिरवे पट्टेवाले, तान्ह्या मुलाएवढे. ते जत्रेत तीन वर्षं पहिले आले होते.

सकाळी साडेसहाला मिसेस गॉट्स आल्या. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. उतारावर चिकणमाती साबणासारखी झालेली. खाजरी झुडपं पोटाला लागत होती, ब्लॅकबेरीचे काटे पँट सोडत नव्हते. आयव्हीच्या वेलीखाली कुठे शिळा आणि कुठे बीळ, ते पाय आत गेल्यावरच कळायचं. थर्केटल यांचा तीनदा गेला.

"हळू," मिसेस गॉट्स कुजबुजल्या. "सशाला पावलं ऐकू येतात. तुम्ही चालताय की वरात काढलीय?"

थर्केटल यांनी आदल्या दिवशी सतरा बिळं मोजली होती. मिसेस गॉट्सनी काठीने झुडपं बाजूला करत एकतीस काढली. जाळी होती चोवीस.

"मग उरलेली सात?" थर्केटल यांनी विचारलं.

"सहांत पालापाचोळा कोंबते. एकावर तुम्ही बसा."

थर्केटल यांना हा विनोद वाटला. तो विनोद नव्हता.

पण त्याआधी खुंट्यांचा प्रश्न आला. जाळ्याच्या थैलीची दोरी एका खुंटीला बांधलेली असते. खुंटी मातीत ठोकायची, म्हणजे ससा जाळ्यावर आदळला की दोरी आवळते आणि थैलीचं तोंड बंद होतं. मिसेस गॉट्सनी पहिली खुंटी टेकवली आणि थर्केटल यांनी त्यांचा हात धरला. परक्या बाईचा हात त्यांनी असा धरल्याची दुसरी नोंद नाही.

"भोसकणं," ते म्हणाले.

"काय?"

"खुंटी म्हणजे भोसकणं. परवानगीत नाही."

मिसेस गॉट्सनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग पिशवीतल्या डचेसकडे. तिघांकडूनही उत्तर आलं नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "मग दोऱ्या कशाला बांधता? माझ्या पायाला?"

ज्या माणसाने एकतीस वर्षं नियम पाळले, त्याला नियमाच्या आत राहून मार्ग काढायची एक विशेष बुद्धी येते, आणि ती नेमकी चुकीच्या वेळी येते. थर्केटल पडवीत गेले आणि वजनदार म्हणून जे जे सापडलं ते घेऊन आले. फुलदाण्या, घडवंच्या, बटाट्यांच्या पिशव्या, आणि वजन कमी पडलं तेव्हा सहा भोपळे. भोपळ्यांच्या देठांना दोऱ्या बांधताना आपण काही चोरत नाही, फक्त अर्ध्या तासासाठी उसने घेतोय, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

मग ते बिळावर बसले. खालची ओल वर चढू लागली. मिसेस गॉट्सनी डचेसच्या डोक्याचा मुका घेतला आणि तिला आत सोडलं.

काही क्षण काहीच झालं नाही. मग थर्केटल यांच्या बुडाखाली धप्‌धप्‌ सुरू झालं. आपण सहा वर्षं ज्या जमिनीवर टोपी काढून उभे राहतो, तिच्या खाली इतकी धावपळ चालते, याची त्यांना कल्पना नव्हती. कुणीतरी खालून त्यांना धडक दिली. ते उडाले, पण नेमून दिलेली जागा त्यांनी सोडली नाही.

आणि एकदम सगळीकडून ससे सुटले. पहिला जाळ्यात गुंडाळला गेला, दुसराही. मिसेस गॉट्सनी बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांनी दोन ढांगांत त्यांना गाठलं आणि माना इतक्या झटकन मोडल्या की थर्केटल यांनी ॲग्नेसच्या शिळेकडे तोंड फिरवलं. तिसरा ससा भोपळ्याच्या जाळ्यात शिरला. झटका बसला तसा भोपळा जागचा हलला. जमीन उताराची आणि साबणासारखी. भोपळ्याने एक गिरकी घेतली, जरा विचार केल्यासारखं केलं आणि निघाला. आधी भोपळा सशाला ओढत होता, मग ससा भोपळ्याच्या पुढे जायची शर्थ करू लागला, कारण मागे राहणं त्याला परवडणारं नव्हतं. त्यांच्या पाठोपाठ दुसरा भोपळा निघाला. त्यालाही ससा होता.

नेमक्या त्याच वेळी मिस रड सजावटीला आल्या आणि फाटकातून आत शिरल्या. दोन्ही हातांत फुलं होती. जत्रेतला पहिल्या नंबरचा भोपळा एका सशाचा पाठलाग करत त्यांच्या पायांवरून गेला आणि भिंतीवर आपटून फुटला. मिस रड ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फुलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या, तोंड किंचित उघडं. दुसरा भोपळा आला तेव्हा त्यांनी सभ्यपणे बाजूला होऊन त्याला वाट दिली.

"मिस रड," थर्केटल बिळावरूनच म्हणाले, "मी उठू शकत नाही. मला माफ करा."

"तुम्ही बसलाय कशावर, मिस्टर थर्केटल?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

एकूण चार ससे मिळाले. निदान पन्नास तरी निसटले. पण आठ वाजले, नऊ वाजले, तरी डचेस बाहेर आली नाही.

मिसेस गॉट्सनी बिळाच्या तोंडाशी मेलेला ससा ओढून त्याचा वास दाखवला. खाण्याचा डबा खुळखुळवला. मग कान जमिनीला लावत त्या हळूहळू सरकत गेल्या आणि एका जागी थांबल्या. ती जागा ॲग्नेसच्या शिळेच्या पायथ्याशी होती.

"इथं आहे. हातभर खाली. पिल्लं सापडली असणार. म्हटलं होतं ना, हा मोसम नव्हे."

"मग ती निजून उठून येईल की," थर्केटल म्हणाले.

"आली तर आली. पण मघाशी बिळं ढासळल्याचा आवाज ऐकलात? माती खचली असली मागं, तर कुठून येईल? खणायला हवं."

परवानगीचं पत्र थर्केटल यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

रेव्हरंड हॅझल्टन यांना बोलावलं. ते घरातल्या चपलांवरच आले, चार मेलेले ससे पाहून जरा थबकले, फुटका भोपळा पाहून आणखी थबकले, आणि हकीकत ऐकून कार्यालयात फोन करायला धावले. शनिवार असल्यामुळे कार्यालयात पहारेकरी तेवढा होता. संबंधित अधिकारी मासे धरायला स्कॉटलंडला गेले होते. बुधवारी येणार होते.

"मला स्वतःच्या अधिकारात खड्डा खणता येतो," पाद्रीसाहेब हात चोळत म्हणाले, "पण फक्त दफनासाठी. त्याला कुणीतरी वारलेलं लागतं."

"थांबा जरा," मिसेस गॉट्स म्हणाल्या. "बुधवारपर्यंत त्यासाठी मीच मिळेन तुम्हाला."

त्या बिळापाशी बसून राहिल्या. मिस रड यांनी राग गिळून त्यांना चहा आणून दिला, त्यावर साय धरली तरी तो तसाच. दुपार झाली, पाऊस भुरभुरू लागला. पाद्रीसाहेबांनी छत्री धरली. मिसेस गॉट्स भोकात तोंड घालून काहीतरी पुटपुटत होत्या. आता आवाज फौजदाराचा राहिला नव्हता. "ये गं, ये बये. घरी गरम दूध ठेवलंय. रागावणार नाही मी. ये." उत्तर मिळणार नाही हे माहीत असूनही चालू ठेवलेलं ते बोलणं थर्केटल यांच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी फूटपट्टी खिशात घातल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, याच जागी तेही थोडंफार तसंच बोलत.

ते उठले आणि औजारांच्या खोलीतून कुदळ-फावडं घेऊन आले.

"मिस्टर थर्केटल," पाद्रीसाहेब घाबरून म्हणाले, "पत्रात स्पष्ट लिहिलं आहे."

"हो," थर्केटल म्हणाले. "मला पाठ आहे ते." आणि त्यांनी फावडं मारलं.

पाद्रीसाहेबांच्या हातची छत्री खाली आली. मिस रड यांनी तोंडावर हात ठेवला. पण सर्वांत जास्त धक्का खुद्द थर्केटल यांना बसला होता. आपले हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे ते त्यांच्याकडे बघत खणत राहिले. हातभर खोल गेल्यावर माती आत कोसळली, पोकळी दिसली. ते पालथे झाले, खांद्यापर्यंत हात आत घातला. काहीतरी ऊबदार, गुबगुबीत हाताला लागलं. पुढच्या क्षणी त्याने अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

"सापडली," थर्केटल म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा अंगठ्याला डचेस लोंबकळत होती. डोळे अर्धे मिटलेले, पोट टम्म. मिसेस गॉट्सनी तिची मानगूट धरून जबडा सोडवला, तिला स्वेटरच्या आत घातलं आणि पाठ फिरवली. बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

आणि मग शिळा पडली.

तिने घाई केली नाही. पायाखालची माती गेल्याचं तिला जरा उशिरा कळलं असावं. ती डावीकडे झुकली, आणखी झुकली, आणि ओल्या गवतात धप्पकन उताणी झाली. ॲग्नेसचं नाव आभाळाकडे बघू लागलं. त्यावर पाऊस पडू लागला.

थर्केटल मातीतच बसले. तपासनिसाला अजून नऊ दिवस अवकाश होता, आणि त्याने जे केलं असतं ते त्यांनी आज स्वतःच्या हाताने केलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला. अंगठ्यातून रक्त वाहत होतं, पण ते रुमालाने शिळेवरचा चिखल पुसू लागले.

पाद्रीसाहेब एकाएकी चर्चमध्ये गेले. बहुधा प्रार्थनेला गेले असतील असं मिस रड यांना वाटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात नियमांचं जाडजूड पुस्तक होतं आणि चष्मा कपाळावर होता.

"ऐका," ते म्हणाले. "कललेली शिळा सरळ करण्यास पूर्वपरवानगी आवश्यक. ते आपल्याला ठाऊकच आहे. पण पुढे ऐका. अकस्मात पडलेली शिळा मूळ स्थितीत पुन्हा उभी करण्याचा अधिकार स्थानिक धर्मगुरूस असून, ते काम विनाविलंब करावे." त्यांनी पुस्तक मिटलं. स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकून ते गडबडले होते. "कललेलीला आठ महिने. पडलेलीला काहीच नाही."

"मूळ स्थितीत म्हणजे सरळ," मिस रड म्हणाल्या.

"सरळच."

"मग बघत काय बसलाय?" मिसेस गॉट्स म्हणाल्या. स्वेटरमधून डचेसची मिशी बाहेर डोकावत होती.

चौघांनी मिळून शिळा उचलली. पाद्रीसाहेब डावीकडे म्हणाले, मिस रड उजवीकडे म्हणाल्या, मिसेस गॉट्स म्हणाल्या दोघंही आंधळे आहेत. बुडाशी भिंतीतले निखळलेले गारगोटीचे दगड ठासले. थर्केटल यांनी ओळंबा लावला. वहीत लिहायला आकडा उरलाच नव्हता. ती उभी होती.

दुसऱ्या दिवशी सुगीची प्रार्थना झाली. उरलेल्या पाच भोपळ्यांवर दोरीचे वळ उठलेले होते. रेव्हरंड हॅझल्टन मनाने निर्मळ, त्यामुळे त्यांना काही पोटात ठेवता येत नसे. प्रार्थनेनंतरच्या चहाला, काल केवढा अपघात झाला आणि नियमांत केवढी दयाळू तरतूद निघाली, ते त्यांनी जो भेटेल त्याला सांगितलं. लोकांनी फार लक्ष देऊन ऐकलं. दोघांनी परत सांगायला लावलं.

सोमवारी सकाळी नऊला पाद्रीसाहेबांनी थर्केटल यांना घाईघाईने बोलावून घेतलं. ते उतारावर मधोमध उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्याभोवती अकरा शिळा उताण्या पडल्या होत्या. प्रत्येकीशेजारी एकेक कुटुंब उभं होतं, चेहरे दुःखी, आणि बहुतेकांनी हात पाठीमागे घेतलेले. एकाच्या पाठीमागून पहारीचं टोक दिसत होतं.

"अकस्मात," त्यातला एकजण म्हणाला.

"आमचीही," बाजूच्या बाई म्हणाल्या. "सकाळी येऊन बघते तर अशी."

"पण एका दिवसात अकरा," पाद्रीसाहेब म्हणाले. त्यांनी वळून चिटणिसांकडे पाहिलं. "मिस्टर थर्केटल, नोंदवहीत कारण लिहावं लागेल. तुम्ही कधी खोटं लिहिलेलं नाही. तुम्ही लिहाल त्यावर मी सही करीन."

सगळं कबरस्तान थर्केटल यांच्याकडे बघू लागलं. त्यांनी वही उघडली. अंगठ्याला पट्टी असल्यामुळे पेन नीट धरता येत नव्हतं. संख्येच्या रकान्यात त्यांनी अकरा लिहिलं. कारणाच्या रकान्याशी ते थोडे थांबले. मग ग्रंथालयातल्या त्यांच्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'ससे.'

तेवढ्यात एका जुन्या झाडापलीकडून धप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ कुणीतरी खोकलं.

थर्केटल यांनी मान वर केली नाही. त्यांनी अकरा खोडून बारा केलं आणि वही सहीसाठी पुढे केली.